न उचललेला हात

हेनिंग फॉन ट्रेबनावला कॅप्टनकी मिळाली खरी, पण कंपनी मिळाली ती शत्रूची.

असं कुठं असतं का, म्हणून कुणी विचारील. प्रशियात असतं. सॅक्सनीचं अख्खं सैन्य डोंगराच्या कुशीत वेढलं गेलं, उपाशी पडलं आणि शेवटी शरण आलं. त्यांना कैदेत घालायचं सोडून वरून हुकूम आला की अधिकारी तेवढे घरी पाठवा, शिपायांना आपले निळे कोट चढवा, आजपासून ते आपले. शेजाऱ्याची गुरं सोडून आणावीत आणि आपल्या दावणीला बांधावीत, तसला प्रकार. आता एवढ्या गुरांना गुराखी कुठून आणणार? मग वर्षानुवर्षं कुणी ढुंकून न पाहिलेले म्हातारे लेफ्टनंट शोधून काढले. त्यांत हेनिंगचा नंबर लागला.

त्याचं घराणं पोमेरेनियातलं. आडनावाआधी खानदानीपणाचं फॉन लावणारं, पण जमीन सगळी रेताड. राय नावाचं धान्य पेरावं तर अर्धं वाऱ्यावर जायचं. तिथल्या पोरांना फौजेशिवाय दुसरी वाट नव्हती. तिघे भाऊ गेले, त्यांतले दोघे सायलेशियाच्या लढाईत पडले, तिथंच पुरले. हेनिंगनं मिसरूड फुटायच्या आधी निशाण खांद्यावर घेतलं, एका हिवाळ्यात डाव्या पायाची दोन बोटं गमावली आणि मग शांतता झाली. लेफ्टनंटाला शांततेसारखा शाप नाही. वरचे मरत नाहीत, म्हणून खालचे चढत नाहीत. गुत्त्यात बसून ही मंडळी चक्क एका मोठ्या लढाईच्या नावानं ग्लास उचलत, आणि हेनिंगही उचली. त्याला कारण होतं. उलरिके त्याच्यासाठी थांबली होती. अधिकाऱ्याला लग्नाला राजाची परवानगी लागते आणि फाटक्या लेफ्टनंटाला ती कोण देतो? थांबता थांबता तिनं दोन धाकट्या बहिणींची लग्नं लावून दिली, त्यांच्या पोरांची अंगडी विणली. आता केसांत पांढरं दिसू लागलं होतं.

कंपनी हातात आली तेव्हा कर्नल फॉन लेस्टिन म्हणाले, "ट्रेबनाव, उद्या शपथविधी नीट पार पाडा. तुमचा लग्नाचा अर्ज मी स्वतः पुढे सरकवतो."

दुसऱ्या दिवशी ऑक्टोबरातला पाऊस होता. घोट्यापर्यंत चिखल, आणि त्यात ते सॅक्सन उभे. कित्येक दिवस पोटात धड काही नव्हतं. कुणी उभ्या उभ्या डुलत होता. समोर फौजेचे कायदे वाचून दाखवले. मग हुकूम झाला, उजवा हात वर, तीन बोटं ताठ, आणि मी म्हणतो तसं म्हणा. मागच्या बाजूनं आपले कॉर्पोरल छड्या घेऊन फिरत होते. त्यांतला कुनो म्हणजे तोंडाचा पट्टा सतत चालू.

"ए कॉफीबाज, बोटं वर! कपाचा कान नाही धरायचा, शपथ घ्यायचीय!"

सॅक्सनांना कॉफीवाचून चालत नाही, हे सगळ्या जगाला माहीत. आपल्याकडे सकाळी गरम बिअरचं सूप ओरपतात, म्हणून त्यांची टिंगल करायला आपल्याला तेवढं पुरतं.

हात वर गेले. काही पटकन, काही छडी पाहून. पुटपुटही सुरू झाली. फक्त पहिल्या रांगेत उजव्या टोकाला एक उंच, देवीचे वण असलेला सार्जंट होता, गॉटलोब नेस्लर. त्याचा हात मांडीशी तसाच. ओठ मिटलेले. आणि तो सरळ हेनिंगच्या डोळ्यांत बघत होता. शिपायानं अधिकाऱ्याच्या नजरेला नजर द्यायची, खाली बघायचं नाही, हा प्रशियाचा नियम. नेस्लरनं आपल्याकडून पहिल्या दिवशी तेवढीच एक गोष्ट घेतली.

कुनोनं छडी उगारली. त्याच वेळी रांगेच्या पलीकडून कर्नलांचा घोडा येताना दिसला.  आता इथं मारहाण झाली, हा पठ्ठ्या ओरडून नाही म्हणाला, तर बाकीचे वर गेलेले हातही खाली येतील. हेनिंगनं कुनोकडे बघून मान हलवली, नको. आणि नेस्लरवरची नजर काढून घेतली. आधी त्यानंच काढली.

"झाली सगळ्यांची?" कर्नलांनी घोड्यावरूनच विचारलं.

"झाली, कर्नलसाहेब. सगळ्यांची."

घोडा पुढे गेला. इतकंच घडलं.

हिवाळाभर छावणी लीबेनाव नावाच्या गावात होती. शिपाई लोकांच्या घरांत दोन-दोन, तीन-तीन करून ठेवलेले. रोज सकाळी चौकात कवायत. हेनिंगला दुसरं काही येत नव्हतं, पण कवायत येत होती, आणि तो ती मन लावून शिकवायचा. ऊठसूट छडी मारणं त्याच्या जिवावर यायचं. तरी कंपनी हळूहळू एका अंगासारखी वळायला लागली. त्यात अर्धा वाटा नेस्लरचा होता. पोरं त्याच्या भुवईच्या इशाऱ्यावर चालत. असा माणूस कोण हातचा घालवील? हेनिंगनं त्याला सार्जंटच ठेवलं.

एकदा कवायत संपल्यावर त्यानं नेस्लरला बाजूला घेतलं.

"त्या दिवशी हात का नाही उचललास?"

"उचललाय की, कॅप्टनसाहेब. ड्रेस्डेनला, भरती झालो तेव्हा. तो अजून खाली आला नाही."

"शहाणपणा करू नकोस. हे दुसऱ्या कुणाजवळ बोलू नकोस म्हणजे झालं."

"मी कशाला बोलतोय?" नेस्लर शांतपणे म्हणाला. "सगळ्यांची झाली म्हणून तुम्हीच सांगून टाकलंय."

 हेनिंग तसाच घरी गेला आणि नोकर मार्टेनवर सूप थंड असल्याबद्दल उगीचच खेकसला.

वसंतात कूच करायचा हुकूम आला. असली कंपनी रानातून न्यायची नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. झाडी आली की माणसं गळतात. पण वरून आलेल्या हुकुमात रस्ता पाइनच्या रानातून होता आणि हुकुमाला रान दिसत नाही. हेनिंग डोळ्यांत तेल घालून बाजूनं चालत होता. कुणी गळत नव्हतं. उलट सगळे फार नीट चालत होते, आणि त्याचीच त्याला भीती वाटत होती.

रानाच्या मध्यावर ढोल थांबला. कंपनीही थांबली. त्यानं थांबा म्हटलं नव्हतं.

"पुढे चल!" तो ओरडला.

कुणी हललं नाही. कुनो एकावर छडी घेऊन धावला; ती त्याच्या हातातून हिसकून कुणीतरी गुडघ्यावर मोडली. मग पहिल्या रांगेच्या बंदुका एकदम वळल्या. इतक्या एकसाथ, की आवाज एकच आला. सगळ्या नळ्या हेनिंगच्या छातीकडे.  त्यानं उलरिकेचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला तर तोही धड आठवेना.

"सार्जंट, झोपवू या याला इथंच," एक जण म्हणाला. "हिवाळाभर नाचवलंय आपल्याला."

नेस्लर रांगेतून बाहेर आला आणि बंदुका आणि हेनिंग यांच्या मध्ये उभा राहिला.

"बंदुका खांद्यावर! नाचवलं, पण कुणाला उपाशी ठेवलं नाही. उगाच कुणाला बडवलंही नाही. ह्या माणसाला हात लावायचा नाही. ज्याला लावायचाय त्यानं आधी मला लावावा."

बंदुका खांद्यावर गेल्या. नेस्लरनं हुकूम दिले, उजवीकडे वळ, पुढे चल, आणि ढोल पुन्हा सुरू झाला. कंपनी पोलंडच्या दिशेनं निघाली; सॅक्सनांचा राजा तिकडे होता. शेवटी तो एकटा मागे राहिला.

"कॅप्टनसाहेब, मी पळून चाललो नाही. पळपुटा तो, ज्यानं शपथ घेतली. तुम्हाला ठाऊक आहे." त्यानं सलाम केला आणि लांब ढांगा टाकत तो गेला.

हेनिंग रस्त्यात उभा होता. बाजूला कुनो शिव्या घालत होता. रांगा लांब जात होत्या, सुतानं आखल्यासारख्या सरळ, एकही पाऊल चुकत नव्हतं. आणि क्षणभर त्याला अभिमान वाटला. मग त्या अभिमानाची इतकी लाज वाटली की तो मटकन खाली बसला.

बाकीचे बहुतेक पोलंडच्या हद्दीत पोचले. घोडेस्वार मागे लागले तेव्हा नेस्लर एका लाकडी पुलावर त्यांना अडवत थांबला होता. मांडीत गोळी लागून तो हाती सापडला, आणि त्याला लीबेनावला आणून चौकीत टाकलं.

खटल्याच्या आदल्या दिवशी दुपारी कर्नलांनी हेनिंगला बोलावलं. टेबलावर भाजलेलं बदक होतं. कर्नल जेवत होते. बसायला सांगितलं, पण ताट मागवलं नाही.

"काय हो ट्रेबनाव, तोंड का असं पडलंय? तुमच्यावर कुणी बोट ठेवलेलं नाही. असल्या कंपन्या दुसऱ्यांच्याही गेल्यात. तुम्हाला नवी मिळेल, आपल्या माणसांची. आणि हे पाहा, तुमची परवानगी आलीय. घोड्यावर बसा आणि नवरी घेऊन या."

 इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते बदकाच्या ताटाशेजारी पडलं होतं.

"उपकार झाले, कर्नलसाहेब."

"उद्या एक किरकोळ काम आहे. त्या नेस्लरनं चौकशीत नवंच काढलंय. म्हणतो, मी शपथच घेतली नाही. आता घेतली नसली तर तो पळपुटा नाही, पळालेला युद्धकैदी. पळणं हा कैद्याचा हक्कच. पुन्हा कोंडायचा, संपलं. घेतली असली तर दोर. तुम्हाला विचारतील. तुम्ही तेव्हा मला जे सांगितलंत तेच सांगायचं."

हेनिंगनं परवानगीच्या कागदाला हात लावला नाही.

कर्नलांनी सुरी खाली ठेवली. ते मूर्ख नव्हते. "ट्रेबनाव, तुम्ही मला सांगितलंत. मी माझ्या वरच्याला सांगितलं. त्यानं राजाला. तुमचा तो एक शब्द आता बर्लिनपर्यंत गेलाय. तो परत बोलवायचा असेल तर वाटेतल्या सगळ्यांना खोटं पाडत यावं लागेल. आणि पहिले तुम्ही. खोटी वर्दी देणाऱ्याच्या कमरेला तलवार राहत नाही. एका कॉफीबाजासाठी?"

"त्यानं माझा जीव वाचवला, कर्नलसाहेब."

"मग त्याच्या नावानं चर्चमध्ये मेणबत्ती लावा. परवाच्या दिवशी."

तिथून हेनिंग चौकीत गेला. का गेला ते त्यालाही सांगता आलं नसतं. नेस्लर गवतावर बसला होता, मांडीला मळकी पट्टी.

"या, कॅप्टनसाहेब. खुर्ची नाही, माफ करा."

"दुखतंय?"

"उद्यापर्यंत टिकेल." तो हसला. "त्या कुनोला सांगा, सकाळी कॉफी मिळाली तर बरं होईल. बिअरचं सूप पिऊन मेलो तर वर गेल्यावर आई ओळख द्यायची नाही."

हेनिंगला हसू आलं नाही. "नेस्लर, तुला माझ्याकडून काय हवंय?"

"काही नाही. तुम्ही पाहिलंत ते विचारल्यावर सांगा. नाही जमलं तर नाही." मग खाली बघत, "माझा बाप आमच्या गावी चर्चची घंटा वाजवायचा. फाशी गेलेल्यासाठी घंटा वाजत नाही, चर्चच्या आवारात जागाही नाही. गावाबाहेर पुरतात, कुत्र्यासारखं. मरायचं काय हो, मी पुलावरच मेलो असतो. पण चोरासारखा दोर... माझी बायको आहे तिकडे. तिला लोक काय म्हणतील?"

त्या रात्री हेनिंगला झोप लागली असेल असं कुणी समजू नये.

खटला गावच्या सभागृहात होता. आपल्याकडे शिपायाचा न्याय करायला सगळ्या हुद्द्यांची माणसं बसतात. दोन साधे शिपाई, मग कॉर्पोरल, सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन. खालच्यानं मत आधी द्यायचं, म्हणजे वरच्याचं तोंड बघून तो बोलणार नाही. कर्नल बाजूला खुर्ची टाकून बसले होते आणि सगळे त्यांचंच तोंड बघत होते.

कायदेअधिकाऱ्यानं नेस्लरला विचारलं, "शपथ घेतलीस की नाही?"

"कॅप्टनसाहेब समोर उभे होते. त्यांना विचारा."

आधी कुनोला विचारलं. तो रांगेच्या मागे होता. कुनोनं कर्नलांकडे बघितलं, मग जमिनीकडे. "माझं लक्ष शेजारच्या माणसाकडे होतं, साहेब." हेनिंगला त्याचा राग आला नाही. ऑक्टोबरात आपणही हेच केलं होतं, फक्त जास्त मोठ्या आवाजात.

"कॅप्टन फॉन ट्रेबनाव. अधिकाऱ्याच्या इमानाला स्मरून सांगा. या माणसानं हात वर केला होता?"

  हेनिंगला उलरिके आठवली, आता तिचा चेहरा अगदी स्वच्छ आठवला, मेली आठवण नेमकी आत्ताच आली. एक हो म्हटलं की संध्याकाळी घोड्यावर. त्यानं नेस्लरकडे पाहिलं. नेस्लर त्याच्याकडे बघत होता, तसाच, चिखलातल्या त्या दिवसासारखा.

"नाही," हेनिंग म्हणाला. "हात वर केला नाही. तोंडही उघडलं नाही. मी पाहिलं."

कर्नलांनी डोळे मिटले.

"मग सगळ्यांची झाली, ही वर्दी तुम्हीच दिलीत ना?"

"दिली. खोटी दिली."

कायदेअधिकारी काही दुष्ट नव्हता. कागद सरळ करत, जवळजवळ दिलगिरीनं, तो म्हणाला, "म्हणजे कॅप्टनांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं की वरिष्ठांना दिलेला त्यांचा शब्द खोटा होता. ज्याचा शब्द खोटा ठरला त्याला अधिकाऱ्याचं इमान उरत नाही. आणि इमान नसलेल्याची साक्ष हे न्यायासन धरू शकत नाही. साक्ष बाद. दुसरा साक्षीदार नाही. वर्दी कायम."

हेनिंगला आधी समजलंच नाही. मग समजलं. ऑक्टोबरातलं त्याचं खोटं उभं होतं आणि आजचं खरं आडवं झालं होतं.

"ऐका हो!" तो ओरडला. "मी तलवार घालवायला तयार आहे, आणखी काय गहाण टाकू? खोटं बोलून मिळवणारा माणूस आणि खरं बोलून घालवणारा, ह्यांतला तुम्हाला कोणता खरा वाटतो?"

"बसा, फॉन ट्रेबनाव," कर्नल म्हणाले. ‘कॅप्टन’ असं म्हणाले नाहीत.

मतं सुरू झाली. पळपुटेपणा शाबीत धरला. प्रश्न शिक्षेचा राहिला, दोर की गोळी. दोर पळपुट्याला, गोळी सैनिकाला. पहिला शिपाई उठला. चाळिशीचा, ब्रांडेनबुर्गचा शेतकरी. तो कर्नलांकडे बघत नव्हता, हेनिंगकडे बघत होता.

"गोळी," तो म्हणाला.

दुसरा शिपाई लगेच म्हणाला, "गोळी."

कॉर्पोरल घुटमळले, पण त्यांनीही गोळीच म्हटलं. सार्जंट तसेच. वरच्या मंडळींनी दोर मागितला, पण खालून आलेली मतं मोजल्यावर तो पुरला नाही. सुटका करायची कुणाची छाती नव्हती; हेनिंगच्या शब्दावर आपला विश्वास बसला, हे एवढंच त्यांना त्या एका शब्दात सांगता आलं. नेस्लरनं मान किंचित झुकवली. त्याला कळलं होतं.

हेनिंगची तलवार तिथंच घेतली, रुपेरी कमरपट्टाही. फौजेतून बडतर्फ, गाव सोडून जायचं. मार्टेननं सामान गाडीत भरलं.

"निघू या ना, धनी. इथं थांबून काय करायचंय?"

"उद्या."

"आणि उलरिके बाईसाहेबांना काय सांगायचं?"

"झालं ते सांगायचं. मी सांगेन."

"थांबल्या तेवढ्या पुष्कळ थांबल्या त्या," मार्टेन पुटपुटला आणि गाडीचा दोर उगीच परत बांधत बसला. त्यालाही रडू येत होतं.

सकाळी गावाबाहेरच्या कुरणात लोक जमले होते. बेकरीवाला, धोबिणी, ज्यांच्या घरांत हिवाळाभर सॅक्सन राहिले होते त्या बाया. हेनिंग त्यांच्यात उभा राहिला, साध्या राखी कोटात. नेस्लरला आणलं. कुनोच त्याला धरून चालवत होता, आणि कुनोच्या मोकळ्या हातात मातीचा एक रिकामा पेला होता, त्याला तळाशी काळा गाळ चिकटलेला.

डोळ्यांवर पट्टी बांधायला नेस्लरनं नकार दिला. तो ताठ उभा राहिला, दुखऱ्या पायावर भार न देता, आणि गर्दीत कुणाला तरी शोधू लागला. निळ्या कोटांत शोधलं, तिथं नव्हता. मग बायांमध्ये, बेकरीवाल्याशेजारी, त्याला तो सापडला.

बंदुका उचलल्या गेल्या. शेजारच्या बाईनं तोंडावर शाल ओढली, बेकरीवाल्यानं मान फिरवली. हेनिंगला आतून कुणीतरी सांगत होतं की बघू नकोस, तुला बघवणार नाही. तो बघत राहिला. बार उडाला, धूर पसरला, तरी त्यानं नजर काढली नाही.

मग गावातून चर्चची घंटा सुरू झाली.